डोळ्यासमोर अचानक सावली आली, पण दुखत नाही: सोमवारपर्यंत थांबावं का?

प्रश्न थोडक्यात: आम्ही सेलू तालुक्यातले. वडील 58 वर्षांचे, शेती करतात, बऱ्याच वर्षांपासून शुगर आहे. चार दिवसांपूर्वी उजव्या डोळ्यासमोर काळे ठिपके तरंगायला लागले. रात्री अंधारात त्याच डोळ्यात वीज चमकल्यासारखं होतं म्हणतात. आज सकाळपासून खालच्या बाजूने काळी सावली दिसते. डोळा लाल नाही, दुखत नाही. मेडिकलवरून थेंब आणून टाकले. चष्म्याच्या दुकानात ‘मोतीबिंदू असेल’ म्हणाले. सोयाबीनची मळणी चालू आहे, सोमवारी मोकळे होऊ. तेव्हा नेलं तर चालेल का? कुठे न्यावं, तिथे काय करतात? माझा स्वतःचा चष्मा मायनस सातचा आहे, मलाही काही धोका आहे का?

उत्तर:

आजच न्या. मळणी घरातलं दुसरं कुणी बघेल.

तुम्ही तीन गोष्टी ज्या क्रमाने लिहिल्यात, ठिपके, मग चमक, मग सावली, तो क्रम वाचून कुठलाही डोळ्यांचा डॉक्टर पहिल्यांदा एकच गोष्ट मनात आणेल: डोळ्याचा पडदा सुटतोय का? पडदा म्हणजे रेटिना. शुगर असल्यामुळे डोळ्याच्या आत रक्तस्राव झाला असण्याचीही शक्यता आहे. यातलं नेमकं काय झालंय ते तपासल्याशिवाय मी सांगू शकत नाही आणि फोनवरून दुसरं कुणीही सांगू शकणार नाही. पण दोन्हीला डॉक्टर एकच लागतो आणि दोन्हीत सोमवारची वाट बघण्यात काही हशील नाही.

आपल्याकडे डोळ्याचा त्रास दोनच मापांनी मोजतात: लाल किती झाला आणि ठणकतो किती. डोळे आले की घरदार घाबरतं, गॉगल येतो, मुलांना वेगळं झोपवतात. तो बहुतेक वेळा आठ-पंधरा दिवसांत आपोआप बरा होणारा आजार. आणि पडदा सुटलेला माणूस ‘दुखत तर नाही ना सायेब’ म्हणत वेचणी, मळणी, बाजार सगळं उरकून तीन आठवड्यांनी येतो. पडद्याला वेदना कळतच नाहीत. तो फाटला, सुटला, त्याचा रक्तपुरवठा बंद पडला, तरी दुखत नाही. फक्त दिसायचं कमी होतं, आणि दुसरा डोळा चांगला असेल तर तेही लवकर लक्षात येत नाही. तुमच्या वडिलांच्या लक्षात आलं, हे बरं झालं.

आत काय घडतं ते सांगतो, म्हणजे घाई कशाची आहे ते कळेल. डोळ्याचा गोळा आतून एका पारदर्शक, जेलीसारख्या पदार्थाने भरलेला असतो. पन्नाशीनंतर ही जेली हळूहळू पातळ होते, आकसते आणि एक दिवस मागच्या पडद्यापासून सुटी होते. हे वयानुसार बहुतेकांना होतं. सुटताना तिचे धागे, गुठळ्या डोळ्यासमोर तरंगतात, ते काळे ठिपके. ती पडद्याला ओढते तेव्हा मेंदूला प्रकाशाचा भास होतो, ती चमक. दहातल्या आठ-नऊ जणांत गोष्ट एवढ्यावर मिटते. उरलेल्या एक-दोघांत मात्र जेली सुटता सुटता पडद्याला एखाद्या ठिकाणी फाडते. मग त्या फटीतून आतलं पाणी पडद्याच्या मागे शिरतं आणि ओल धरलेल्या भिंतीचा पापुद्रा सुटावा तसा पडदा मागच्या थरापासून सुटत जातो. जेवढा भाग सुटला तेवढ्या भागाचं दिसणं बंद. तीच सावली.

आता तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ: ‘खालच्या बाजूने सावली’. डोळ्यात चित्र उलटं पडतं. सावली खाली दिसते, याचा अर्थ पडदा वरच्या भागात सुटला असावा. वरचा भाग सुटला की पाणी आपल्या वजनाने खाली, मध्याकडे उतरतं, म्हणून असा पडदा खालून सुटलेल्या पडद्यापेक्षा लवकर पसरतो. पडद्याच्या मधोमध मॅक्युला नावाचा लहानसा भाग असतो. वाचणं, चेहरा ओळखणं, सुईत दोरा ओवणं हे सगळं त्याच्या जिवावर चालतं. मॅक्युला जागेवर असताना ऑपरेशन झालं तर नजर बरीचशी पूर्वीसारखी राहू शकते. तो एकदा सुटला की पडदा नंतर बसवता येतो, पण वाचायची नजर पूर्ण परत येईलच असं नाही. मॅक्युला अजून शाबूत असेल तर शक्य झाल्यास एका दिवसाच्या आत ऑपरेशन करावं, आणि तो सुटलेला असेल तरी आठवड्याभरात करावं, असा साधारण संकेत आहे. तुमचा सोमवार या हिशेबात कुठे बसतो ते बघा.

घरीच एक तपासून घ्या. डावा डोळा तळहाताने झाका आणि उजव्याने भिंतीवरचं कॅलेंडर बघायला सांगा. मधला आकडा सरळ, स्पष्ट दिसतो का? दिसत असेल तर मॅक्युला बहुधा अजून जागेवर आहे आणि घाई अजूनच आहे. आकडा वाकडा, पुसट दिसत असेल तरी आजच निघायचं आहे. हे तपासणं निघायचं की नाही ते ठरवण्यासाठी नाही. फोनवर डॉक्टरांना सांगता यावं म्हणून आहे.

आता कुठे न्यायचं. सगळ्यात जास्त वेळ इथेच वाया जातो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. डोळ्याचा प्रत्येक डॉक्टर पडद्याचं ऑपरेशन करत नाही. मोतीबिंदू करणारे तालुक्यालाही मिळतात. पडद्याचे, म्हणजे रेटिनाचे सर्जन मोठ्या शहरात असतात. बऱ्याच जिल्ह्याच्या ठिकाणी ते बाहेरून ठरलेल्या वारी येतात. तुम्ही शनिवारी पोचता आणि कळतं की साहेब गुरुवारी येतात. रिसेप्शनवरची मुलगी सवयीने गुरुवारचा नंबर लावून देते आणि घरचे लोक नंबर मिळाला म्हणून समाधानाने परततात. असा नंबर घेऊ नका.

निघण्याआधी फोन करा आणि ‘डोळा दाखवायचा आहे’ एवढंच म्हणू नका. असं सांगा: वय 58, शुगर आहे, उजव्या डोळ्यात चार दिवस ठिपके आणि चमक, आज सकाळपासून खालून सावली, दुखत नाही, मधलं दिसतं की नाही ते. आधी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय का, डोळ्याला कधी मार लागलाय का, तेही सांगा. दोन्हीमुळे पडदा सुटण्याचा धोका वाढतो. मग दोनच प्रश्न विचारा. बाहुली मोठी करून पडदा बघणारे डॉक्टर आज आहेत का? आणि ऑपरेशन लागलं तर तुमच्याकडे कधी होईल? दुसऱ्याचं उत्तर ‘पुढच्या आठवड्यात’ आलं तर दुसरीकडे फोन लावा.

तुम्ही सेलूचे, म्हणजे परतूरवरून जालना आणि पुढे छत्रपती संभाजीनगर ही तुमची सरळ वाट. जालन्याचं श्री गणपती नेत्रालय फक्त डोळ्यांचं मोठं रुग्णालय आहे. संभाजीनगरला घाटी हे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे आणि शहरात पडद्याचे खासगी डॉक्टरही आहेत. नांदेड, लातूर, अंबाजोगाईलाही सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. नांदेड-देगलूरकडचे लोक हैदराबादला एल. व्ही. प्रसाद या डोळ्यांच्या रुग्णालयात जातात, तुळजापूर-उमरग्याकडचे सोलापूरला. जिथे आज तपासणी आणि लगेच ऑपरेशन दोन्ही होईल ते ठिकाण चांगलं. नाव किती मोठं आहे ते नंतर. मुंबई-पुण्याला कुणी नातेवाईक आहे म्हणून दोन दिवस गाडीचं रिझर्व्हेशन शोधणारेही मी बघतो. जवळ सोय असताना हे कशासाठी, मला कधी कळलेलं नाही.

मोटारसायकलवर नेऊ नका. आपल्या रस्त्यांचे हादरे या डोळ्याला आज नकोत. चारचाकी करा, मागच्या सीटवर उताणं झोपू द्या. डोळा चोळायचा नाही, पाणी मारायचं नाही, पट्टी बांधायची नाही. मेडिकलवरचे थेंब बंद करा. ते वरच्या पृष्ठभागावर काम करतात आणि त्रास मागच्या पडद्याला आहे. बाटली मात्र सोबत न्या, त्यात काय आहे ते डॉक्टरांना बघू द्या.

शुगरच्या गोळ्या किंवा इन्सुलिन नेहमीसारखं चालू ठेवा. ऑपरेशन होईल म्हणून स्वतःच्या मनाने उपाशी ठेवू नका. शुगरचा माणूस रस्त्यात चक्कर येऊन पडेल. शेवटचं कधी जेवले ते लक्षात ठेवून सांगा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती आपल्या मनाने थांबवू नका. जुने कागद, शेवटचे रक्ताचे रिपोर्ट, आधार आणि रेशनकार्ड पिशवीत टाका. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डोळ्यांच्या काही शस्त्रक्रिया बसतात. योजना लागू असलेल्या रुग्णालयात तिचं काम बघणारा आरोग्यमित्र बसलेला असतो. ऑपरेशन ठरलं तर पैसे भरायच्या आधी त्याला भेटा. तो जागेवर नसेल तर त्याच्यासाठी ऑपरेशन पुढे ढकलायचं का, हे डॉक्टरांना सरळ विचारा.

तिथे पोचल्यावर आधी अक्षरं वाचून घेतील, डोळ्याचा दाब मोजतील, मग बाहुली मोठी करायचे थेंब टाकतील. ते झोंबतात. अर्धा-पाऊण तास बसावं लागतं आणि पुढचे पाच-सहा तास जवळचं धूसर दिसतं, उजेड सहन होत नाही. मग डॉक्टर डोक्याला दिवा लावून, हातात भिंग धरून, वडिलांना झोपवून वर-खाली-बाजूला बघायला सांगतील. मधूनच पापणीवरून एका बोथट दांडीने डोळा किंचित दाबतील. यात दुखापत करायचा हेतू नसतो. पडद्याचा अगदी कडेचा भाग दाबल्याशिवाय नजरेस येत नाही आणि भोकं बहुतेक तिथेच असतात. ज्या तपासणीत बाहुली मोठी केलेली नाही ती या त्रासासाठी तपासणी नव्हेच. चष्म्याच्या दुकानातलं नंबर काढायचं मशीन पडद्याची कड दाखवत नाही, त्यामुळे त्या दुकानदाराला दोष देण्यात अर्थ नाही. आत रक्त असेल आणि पडदा दिसतच नसेल तर डोळ्याची सोनोग्राफी करतात. मॅक्युला बघायला ओसीटी नावाचं स्कॅन करतात.

यातून काय निघू शकतं? नुसती जेली सुटली असेल तर औषध नाही, काही आठवड्यांनी पुन्हा तपासणी. फट पडली आहे पण पडदा अजून चिकटलेला आहे, असं असेल तर फटीभोवती लेसरचे ठिपके देऊन कडा पक्क्या करतात. हे खुर्चीवर बसल्या बसल्या होतं आणि त्याच दिवशी घरी जाता येतं. ती जोड पक्की व्हायला सुमारे दोन आठवडे लागतात, तोवर पोती उचलणं, ट्रॅक्टर चालवणं बंद. तुमच्या वडिलांना सावली दिसतेय, म्हणजे बहुधा ही पायरी ओलांडली आहे. पण ते तिथले डॉक्टर ठरवतील.

पडदा सुटलेला निघाला तर ऑपरेशन. एके काळी पडदा सुटला म्हणजे डोळा गेला असंच धरत. 1920च्या दशकात स्वित्झर्लंडच्या ज्यूल गोनँ यांनी दाखवून दिलं की पडद्यातलं भोक शोधून बंद केलं तर पडदा पुन्हा बसतो. आजची सगळी ऑपरेशनं त्याच पायावर उभी आहेत. काहींत डोळ्याला बाहेरून सिलिकॉनचा पट्टा बसवतात. काहींत आतली जेली काढून, पडदा बसवून, डोळ्यात गॅस किंवा सिलिकॉन तेल भरतात. पहिल्याच ऑपरेशनला पडदा बसण्याचं प्रमाण चांगलं आहे, दहात आठ-नऊ. उरलेल्यांना दुसऱ्यांदा जावं लागतं. हे आधी ऐकलेलं असलं की दुसऱ्या वेळी ‘डॉक्टरने बिघडवलं’ असं वाटत नाही. जेली काढल्यावर पुढे त्या डोळ्यात मोतीबिंदू लवकर वाढतो, तोही अपेक्षितच असतो.

ऑपरेशननंतर डोकं कसं ठेवायचं ते सांगतात. कुणाला पालथं, कुणाला एका कुशीवर. हे पथ्य गोळ्या-थेंबांइतकंच औषध आहे. गॅस वर तरंगतो आणि भोकाला दाबून धरतो, म्हणून भोक जिथे तशी डोक्याची ठेवण. भेटायला येणारे पाहुणे बिचाऱ्याला उठून बसायला लावतात, त्यांना दारातूनच वाटेला लावा.

डोळ्यात गॅस असेपर्यंत विमानात बसायचं नाही आणि उंच डोंगरावर जायचं नाही. उंचीवर गॅस फुगतो, डोळ्याचा दाब वाढतो आणि नजर कायमची जाऊ शकते. हे मुद्दाम लिहितोय, कारण आपल्या भागात डोळा वाचला की बालाजीचा नवस फेडायला तिरुमलाचा डोंगर चढायची घाई असते. एक प्रकारचा गॅस दोनेक आठवड्यांत विरतो, दुसऱ्याला दोन महिन्यांपर्यंत लागतात. तुमच्या वडिलांना कुठला भरला आणि कधीपर्यंत जपायचं ते डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या. मधल्या काळात दुसऱ्या कशासाठी भूल द्यायची वेळ आली तर त्या डॉक्टरांना डोळ्यात गॅस आहे हे आधी सांगा, कारण भुलीतला एक वायू त्याला फुगवतो. तेल भरलं असेल तर डोंगराचं बंधन नाही, पण ते काही महिन्यांनी काढायला पुन्हा ऑपरेशन लागतं. त्या तारखेला येणं टाळू नका.

तपासणीत पडदा न सुटता रक्तस्राव निघाला, तर तो शुगरमुळे पडद्यावर उगवलेल्या नाजूक नसांतून झालेला असू शकतो. तेव्हा रुग्ण ठिपक्यांऐवजी धूर, जळमटं, काळसर-लाल धागे म्हणून सांगतात. त्याला लेसर, डोळ्यातलं इंजेक्शन किंवा ऑपरेशन यांपैकी काय ते परिस्थिती बघून ठरतं. शुगरच्या माणसाने काही त्रास नसतानाही वर्षातून एकदा बाहुली मोठी करून पडदा दाखवायचा असतो. आपल्याकडे शुगरचे डॉक्टर तसं लिहून देतात, आणि तो कागद बहुतेक वेळा फाइलमध्येच राहतो.

मोतीबिंदूबद्दल एवढंच: तो महिन्या-वर्षांनी वाढतो, सकाळी उठून सावली पाडत नाही. असेलही त्यांना थोडाफार, पण आज तो विषय नाही.

तुमच्या प्रश्नात नसलेल्या तीन-चार गोष्टी लिहितो, कारण अचानक त्रास म्हटला की लोक सगळ्याला एकच नियम लावतात. एका डोळ्याची नजर काही सेकंदांत पूर्ण गेली, दुखलं नाही, तर पडद्याची मुख्य धमनी बंद झालेली असू शकते. तो डोळ्याचा पक्षाघात. साधारण चार तासांनंतर पडद्याचं नुकसान भरून न येणारं होतं. म्हणून 108ला फोन करून फिजिशियन आणि सीटी स्कॅन असलेल्या मोठ्या रुग्णालयात जायचं, नुसत्या डोळ्यांच्या दवाखान्यात नव्हे. पाच-दहा मिनिटं दिसेनासं होऊन परत दिसायला लागलं, तरीही त्याच दिवशी जायचं, कारण पुढचा झटका मेंदूला येऊ शकतो.

डोळा लाल, कपाळ फुटेल असं दुखतं, उलट्या होतात, दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात: हा काचबिंदूचा तीव्र झटका. उलट्यांमुळे याला पित्त समजून सलाईन लावून ठेवतात आणि डोळ्याकडे कुणी बघतच नाही. डोळ्याचा दाब त्याच दिवशी उतरवावा लागतो.

मळणीत, ऊसतोडीत, तूर काढताना डोळ्यात कुसळ किंवा पाचटाचं पातं लागलं आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बुबुळावर पांढरा ठिपका आला तर ती जखम पिकली आहे. शेतातल्या मारात ती बुरशीची असण्याची शक्यता बरीच. अशा डोळ्यात स्टिरॉइडचे थेंब टाकले की पहिल्या दिवशी लाली उतरते, बरं वाटतं, आणि खाली बुरशी फोफावते. मेडिकलवरून ‘लाल डोळ्याचे थेंब’ मागून आणू नका, मला याहून सौम्य शब्दांत सांगता येत नाही. जिभेने कुसळ काढून देणाऱ्या म्हाताऱ्या अजून गावोगाव आहेत. त्यांचा मान राखा, डोळा देऊ नका.

आणि चुना. तंबाखूच्या चुन्याची ट्यूब दाबताना लहान मुलांच्या डोळ्यात फुटते. तिथे डॉक्टरच्या आधी पाणी. पापण्या उघड्या धरून, असेल त्या स्वच्छ पाण्याने किमान अर्धा तास धूत राहा, चुन्याचे कण कापसाने काढा आणि मगच गाडीत बसा. फवारणीचं औषध उडालं तरी तेच.

आता तुमचं स्वतःचं. मायनस सातचा डोळा नेहमीपेक्षा लांबट असतो, त्याचा पडदा ताणलेला आणि कडेला पातळ असतो. म्हणून जास्त मायनस असणाऱ्यांचा पडदा तरुणपणीही सुटू शकतो. लेसरने चष्म्याचा नंबर घालवलेला असला तरी हा धोका तसाच राहतो. तुम्हीही एकदा बाहुली मोठी करून पडद्याची कड तपासून घ्या, वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा दाखवा, आणि ठिपके किंवा चमक सुरू झाली तर वडिलांसारखे चार दिवस काढू नका. वडिलांचा डावा डोळाही तिथे असतानाच पाहून घ्यायला सांगा, डॉक्टर बहुधा स्वतःहूनच बघतील. फक्त तुमचे थेंब आज टाकून घेऊ नका. गाडी तुम्हीच चालवत असाल तर परतीच्या रस्त्याला समोरून येणाऱ्या दिव्यांनी काही दिसणार नाही. तुमची तपासणी वडिलांच्या पुढच्या खेपेला, आणि त्या दिवशी चालवायला तिसरं कुणी सोबत घ्या.